बिनपोरीचा लमसेना

इंदूबाई उईके वारली. तिच्या दिवसांच्या जेवणाला तिचा धाकटा मुलगा अंकुश अरविंदरावांजवळ आला आणि म्हणाला, "सर, आईबद्दल दोन शब्द तुमीच बोला. तुमच्याएवढं तिले कोनी ओळखत नव्हतं."

अरविंदराव उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला इंदूबाईचं वय ठाऊक नाही. तिच्या माहेरच्या गावाचं नाव ठाऊक नाही. तिला एकूण मुलं किती झाली आणि किती जगली, हे कधी विचारलं नाही. ती गोंडीत बोलायची तेव्हा आपल्याबद्दल काय बोलायची, हे तर विचारायची हिंमतच झाली नव्हती. तीन-चार वर्षांच्या ओळखीत आपण बाईला ओळखलं म्हणजे काय, तर ती बसमध्ये खिडकीजवळ बसते आणि तंबाखू डाव्या गालात ठेवते, एवढं. समोर अख्खा टोला, म्हणजे तिची सगळी वस्ती, बसला होता. अरविंदराव म्हणाले, "फार चांगल्या होत्या." मग आणखी काही सुचेना म्हणून ते खाली बसले, आणि बसताना जागा चुकून शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायावर बसले. म्हाताऱ्याने पाय ओढून घेतला. त्याला वाटलं, सरांना भरून आलं असेल.

खरं म्हणजे ही ओळखच चुकून झालेली होती.

अरविंद कळंबे हे पांढुर्ण्याच्या शाळेतले निवृत्त मास्तर. गणित शिकवायचे. त्यांच्या पत्नी जयश्रीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "यांनी आयुष्यभर पोरांना 'बसा' एवढंच सांगितलं, आणि तेही हळू." निवृत्त झाल्यावर ते गावातल्या निवृत्त मंडळींच्या मंडळात जाऊ लागले, कारण तिथं वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळे आणि कोणी बोलायला लावत नसे. पांढुर्णा जिल्हा झाला आणि मंडळाच्या अंगात उत्साह शिरला. सभेत विषय निघाला की आजूबाजूच्या टोल्यांवरची आदिवासी पोरं दहावी-बारावीपर्यंत येतात, मग शाळा सोडतात आणि ठेकेदाराच्या जीपमध्ये बसून हैदराबादला बांधकामावर जातात. इकडे सौंसर-पांढुर्ण्यात मिस्त्री लोकांना शिकाऊ पोरं मिळत नाहीत. कोणी तरी टोल्यावर जाऊन समजावून सांगायला पाहिजे. कोण जाईल, असं सचिवांनी विचारताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. अरविंदरावांनीही घातली, पण जरा उशिरा. तेवढ्यात त्यांचं नाव ठरून गेलं होतं.

पोळा होऊन गेला होता. टोल्यावरच्या शाळेच्या ओसरीत माणसं जमली. बाया भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत आणि अरविंदरावांना ते बरंच वाटलं, कारण त्यामुळे कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. त्यांनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. स्वावलंबन झालं, कौशल्य झालं, देशाची गरज झाली. एक कुत्रं पुढे येऊन बसलं आणि लक्ष देऊन ऐकू लागलं. पुढचा श्रोता तेवढाच आहे हे बघून अरविंदराव भाषण विसरले आणि मनाचं बोलू लागले. मास्तराने मनाचं बोलू नये, हे त्यांना त्या दिवशी कळायला हवं होतं.

ते म्हणाले, सौंसरला नितीन मडावी नावाचे मिस्त्री आहेत. विहिरीवरची मोटर जळाली की ती उघडून आतली तांब्याची तार नव्याने भरून देतात. चांगलं चालतं दुकान. त्यांना एक मुलगा हवा आहे. दोन वर्षं तो त्यांच्या घरी राहील, पडेल ते काम करील, जेवणखाण तिथेच, वर हातखर्चाला थोडे पैसेही देतील. मिस्त्री त्याला परका समजणार नाहीत, घरचाच समजतील. आणि दोन वर्षांनी मुलाचं आयुष्य मार्गी लागेल. हे शेवटचं वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते दुसऱ्यांदा म्हटलं.

शेंगा तोडणारा एक हात थांबला. हडकुळी, काळीसावळी, केस घट्ट मागे बांधलेली बाई होती. तिनं विचारलं, "मडावी म्हनता? आमच्यातलाच?"

"हो, तुमच्यातलेच."

"घरी पोरी हायेत का जी त्याच्या?"

अरविंदरावांना वाटलं, बाई विचारी आहे. मुलाला घरात ठेवायचं म्हणजे घर कसं आहे, माणसं कशी आहेत, हे आई विचारणारच. ते उत्साहाने म्हणाले, "दोन आहेत. मोठीचं लग्न झालं. धाकटी दामिनी कॉलेजात आहे, दुकानही बघते."

"सालस हाय?"

"फारच," अरविंदराव म्हणाले. दामिनीला त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हा तिनं त्यांना चपला बाजूला काढायला सांगितल्या होत्या.

मग बाया आणि म्हातारे आपसात गोंडीत बोलले. काठीवाल्या एका म्हाताऱ्याने बोटांवर काही तरी मोजलं आणि मान हलवली. ती बाई, म्हणजे इंदूबाई, अरविंदरावांना म्हणाली, "मंग ठीक हाय. दिवाळीच्या आंधी येतो आमी."

दिवाळीच्या आधीच का, याचं कारण सगळ्या टोल्याला ठाऊक होतं. दिवाळी झाली की ठेकेदाराची जीप येई. इंदूबाईचा थोरला, कुलदीप, असाच जीपमध्ये बसून गेला होता. पहिल्या वर्षी तो सणाला आला, दुसऱ्या वर्षी फोन आला, तिसऱ्या वर्षी फोनही नीट लागेना. नवरा आधीच गेलेला. संत्र्याची तोडणी, कापसाची वेचणी, जे मिळेल त्यावर तिनं घर चालवलं होतं. आता अंकुश अठराचा झाला होता आणि ठेकेदाराने त्याचंही नाव विचारून ठेवलं होतं. एक नेला तेवढा पुरे, असं तिनं ठेकेदाराला तोंडावर सांगितलं होतं. पण पोरगं घरी ठेवायचं तर त्याच्या हाताला काही तरी हवं होतं.

अरविंदराव त्या दिवशी जमिनीवरून चार बोटं वर चालत घरी आले. जयश्रीबाईंना म्हणाले, एकाच भाषणात एक कुटुंब तयार झालं. जयश्रीबाईंनी विचारलं, "तुमच्या भाषणानं?" मंडळात मात्र टाळ्या झाल्या आणि अध्यक्षांनी त्यांना आपल्या हाताने चहा दिला.

ठरलेल्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर इंदूबाई आली. बरोबर अंकुश, काठीवाला म्हातारा, आणखी दोन बाया. अंकुशने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ठेच लागल्यासारखा भाव होता. इंदूबाईच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बाटली होती आणि काखेत पाय बांधलेला कोंबडा. अरविंदरावांना वाटलं, जाताजाता बाजारात विकायचा असेल. बसमध्ये गर्दी होती, म्हणून कोंबडा त्यांच्याकडे सोपवण्यात आला. सौंसर येईपर्यंत तो त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी आपुलकीने इंदूबाईला सांगितलंही की सौंसरला कोंबड्याला भाव मिळत नाही, पांढुर्ण्यातच विकायला हवा होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आपण काही तरी अशुभ बोललो, एवढंच त्यांना कळलं.

नितीन मडावीचं दुकान रस्त्यावर होतं आणि घर मागे. तो हातात पक्कड घेऊन मोटरपुढे बसला होता. सर, त्यांच्याबरोबर पाच माणसं, कोंबडा आणि फडक्यातली बाटली, हे एकदम पाहून तो हळूहळू उठला. त्याला सगळं एका नजरेत कळलं. ते त्याच्याच लोकांतलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त अरविंदरावांना, आणि कोंबडा भेटीचाच असावा असं समजून ते पुढे होऊन म्हणाले, "हे घ्या, आणलं तुमच्यासाठी," आणि कोंबडा त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात दामिनी पाणी घेऊन बाहेर आली. दोन्ही बायांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकीने तिच्या मनगटाला हात लावून बघितला. दामिनी म्हणाली, "बाबा, हे गिऱ्हाईक होय का सोयरे?"

नितीन अरविंदरावांना म्हणाला, "सर, तुमी यायले काय सांगून आनलं?"

"योजना समजावून सांगितली. दोन वर्षं राहायचं, पडेल ते काम करायचं."

"आन् शेवटी?"

"शेवटी आयुष्य मार्गी लागेल."

नितीनने कपाळाला हात लावला. त्यानंतर जे अरविंदरावांना समजावून सांगण्यात आलं ते असं. गोंड लोकांत जुनी चाल आहे. ज्या मुलाच्या घरी लग्नाला खर्चायला काही नाही, तो होणाऱ्या सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबतो. मुदत पुरी झाली की मुलगी त्याची. त्याला लमसेना म्हणतात. चाल आता फारशी उरलेली नाही, पण म्हाताऱ्यांना ती पक्की ठाऊक आहे. बोटांवर मोजलं होतं ते दोन्ही कुळांचे देव, सोयरीक जमते की नाही हे पाहायला. आणि पोरगी सालस आहे अशी ग्वाही तर खुद्द मास्तरांनी दिली होती.

अरविंदरावांच्या कानापर्यंत रक्त चढलं. चाळीस वर्षं याच भागात काढली, शेकडो उईके आणि मडावी हातून पास झाले, आणि ही गोष्ट आपल्याला आज कळते आहे. त्यांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं तर बाहेर 'कौशल्य' हा शब्द आला, म्हणून त्यांनी ते मिटलं.

नितीन भला माणूस होता, पण बाप होता. तो म्हणाला, पोरगी शिकते आहे, अशी बोलणी माझ्या दाराशी झाली हे उद्या बाजारभर होईल. मला आता मुलगाही नको आणि काहीच नको. चहा घ्या आणि जा. अंकुश दाराशी उभा होता. तो मान वर न करता म्हणाला, "चाल आई. मी जातो हैदराबादले."

अरविंदरावांना त्या क्षणी जमिनीत शिरायला जागा हवी होती आणि दुकानाची फरशी पक्की होती. आपण तोंड उघडलं नसतं तर हा मुलगा जिथे होता तिथे तरी असता. आता तो आपल्या भाषणामुळे जीपमध्ये बसणार होता.

इंदूबाई मात्र उठली नाही. तिनं तंबाखू गालात नीट बसवली आणि अंकुशला विचारलं, "तुले पोरगी पायजे होती का मोटर?"

अंकुशने नितीनच्या पुढ्यातल्या मोटरीकडे पाहिलं. "मोटर," तो म्हणाला.

"बरं झालं," दामिनी म्हणाली आणि पाण्याचे पेले उचलून नेऊ लागली.

मग इंदूबाई बोलली. अरविंदरावांनी तिला एवढं बोलताना एकदाच ऐकलं, ते त्या दिवशी. ती म्हणाली, माझा नवरा माझ्या बापाकडे लमसेना होता. मुदत ठरली होती ती सरली. पण त्याचा हात कामाला चांगला, म्हणून बाप दर खळ्याला म्हणे, आणखी एक साल. पुढच्या साली पुन्हा तेच. तो बिचारा बोलेना. शेवटी मीच पंचांपुढे उभी राहिले. म्हटलं, बाप काम घेऊन राहिला, पोरगी देऊन नाई राहिला. बाप माझ्यावर धावून आला. पण पहिल्या दिवशी चार माणसांसमोर बोलणं झालं होतं, त्यामुळे त्याचं काही चाललं नाही. त्याच महिन्यात लग्न लागलं.

"तुमची पोरगी तुमी ठेवा," ती नितीनला म्हणाली. "पन पोट्टं ठेवतो म्हनलं ना, तं लमसेन्यासारखं ठेवा. मुदत सांगा. काय शिकवान ते सांगा. चार मानसासमोर सांगा. नाई तं हैदराबाद काय वाईट हाय?"

पक्कड या हातातून त्या हातात घेत नितीन म्हणाला, "मावशी, मी नागपूरले एका मिस्त्रीकडे होतो. चहा आनला, गाडी धुतली. तार भरायची वेळ आली का मिस्त्री मले बाहेर धाडे."

"मंग शिकला कसा?"

"खिडकीतून पाहून पाहून."

इंदूबाईने मान फिरवून दुकान बघितलं. "इथं तं खिडकीच नाई."

"नाई."

"मंग समोरच बसव त्याले."

नितीनला हसू आलं आणि ते त्याला लपवता आलं नाही. मग बोलणं सुरू झालं. अरविंदरावांनी लग्नाच्या अनेक बैठका पाहिल्या होत्या, पण एवढी चिवट बैठक पाहिली नव्हती. मुदत दोन वर्षांची. होळीपर्यंत अंकुशने जळालेली मोटर स्वतः उघडायची, पुढच्या दिवाळीपर्यंत स्वतः भरायची. मुदत सरल्यावर त्याला काम आलं नाही तर दंड म्हणून मिस्त्रीने त्याला अवजारांचा पुरा संच द्यायचा. पोरगं मध्येच पळालं तर उरलेली मुदत इंदूबाई स्वतः येऊन दुकानात भरून काढणार. हे ऐकून नितीन घाबरला आणि म्हणाला, त्याची गरज नाही. शेवटी त्याने विचारलं, मग चहा कोणी आणायचा?

"ज्याले प्यायचा तो आनन," इंदूबाई म्हणाली.

काठीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "जामीन कोन?"

सगळ्यांनी एका दिशेला पाहिलं. अरविंदरावांनीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

अशा रीतीने ज्या माणसाला कंडक्टरकडून उरलेले सुटे पैसे मागता येत नसत, तो दोन वर्षांसाठी जामीन झाला. दर बाजाराच्या दिवशी सौंसरला जायचं आणि मिस्त्रीला विचारायचं, या आठवड्यात काय शिकवलं. त्या दुपारी कोंबडा शिजला. अरविंदरावांनी आयुष्यात मटण-कोंबडी खाल्ली नव्हती. जामीनदाराने तोंडाला लावलं पाहिजे, असं म्हाताऱ्याने सांगितल्यावर त्यांनी रश्शात बोट बुडवलं. बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा ते हात धुवायला गेले आणि खूप वेळ हात धूत राहिले. घरी जयश्रीबाईंना सगळी हकिकत सांगितली. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण जाल हो दर आठवड्याला. आता शब्द दिलाय."

ते जाऊ लागले. बसमध्ये प्रश्नाची तालीम करायचे. 'मडावी, काय शिकवलं?' हे उद्धट वाटे. 'काही शिकवलं का?' यात संशय येई. दुकानात पोचल्यावर तोंडातून निघे, "यंदा संत्र्याला बहार कसा आहे?" नितीन बहाराबद्दल सविस्तर सांगे. दोन-तीन खेपांनंतर दामिनीला त्यांची अडचण कळली असावी. ते दिसले की ती वहीतून डोकं न काढता मोठ्याने म्हणे, "सर आले. आज यानं स्टार्टर खोलला, जोडता नाई आला, मंग जोडला." अरविंदराव मान हलवत, समोरच्या टपरीवरून स्वतःचा चहा स्वतः आणत, आणि दुकानापुढच्या बाकावर बसत. कधीकधी इंदूबाई आलेली असे. मग दोघं बाकाच्या दोन टोकांना बसत. ती काही विचारत नसे. अंकुश बाहेर आला की ती त्याचा हात धरून नाकाजवळ नेई. मोटरीच्या तारेला लावतात त्या वार्निशचा वास आला की सोडून देई.

होळीच्या आत अंकुशने मोटर उघडली. पण पुढच्या रब्बीत गोष्ट बिघडली. व्होल्टेज खाली-वर होऊन जिकडेतिकडे मोटरी जळाल्या, दुकानापुढे ढीग लागला. शेतकरी दारात उभे, नितीनचे हात दोन. अंकुश दिवसभर मोटरी उतरवणं, चढवणं, पोचवणं करू लागला. दिवाळी उलटली तरी तार भरायला त्याचा हात लागला नव्हता. दामिनी परीक्षेसाठी छिंदवाड्याला गेली होती, त्यामुळे काय शिकवलं ते सांगणारं कोणी नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी अंकुशने बाकाशी येऊन अरविंदरावांना सांगितलं की कुलदीपदादाचा फोन लागला होता. तो म्हणाला, ये. जीप परवा निघणार आहे. "ओझंच वाहाचं तं सर, तिथं जास्त भेटते," अंकुश म्हणाला.

इंदूबाई त्या दिवशी आलेली नव्हती. वेचणीवर होती. अरविंदरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जामीन एकच होता.

ते उठून आत गेले. नितीन एक दुरुस्त झालेली मोटर चालवून बघत होता आणि तिचा एवढा आवाज होता की कानाशी बोललेलंही ऐकू येईना. अरविंदरावांना तो आधारच वाटला. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं. नितीनने कानाला हात लावून विचारलं, काय? त्यांनी आवाज चढवला. नितीनने पुन्हा मान हलवली. मग अरविंदरावांनी छातीत होता तेवढा वारा एकवटला, आणि नेमकं त्याच वेळी नितीनने बटण बंद केलं.

"मडावी, मुदत चालू हाय आन् तुमी शिकवून नाई राहिले."

दारातले शेतकरी वळले. समोरच्या टपरीवाल्याने गाळणी खाली ठेवली. अरविंदरावांना प्रथम वाटलं, हे दुसरंच कोणी बोललं. शब्दसुद्धा त्यांचे नव्हते. शाळेत त्यांनी अशी भाषा बोलणाऱ्या पोरांना हळू आवाजात का होईना, टोकलं होतं.

नितीनने हात पुसले. शेतकऱ्यांकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून उघड्या मोटरीसमोर ठेवलं आणि म्हणाला, "अंकुश, बस. बाकीचे थांबतीन."

अरविंदराव कोणाचा निरोप न घेता निघाले, समोर आलेल्या बसमध्ये चढले, आणि लोधीखेडा आल्यावर त्यांना कळलं की बस उलट्या दिशेची होती. पुढच्या आठवड्यात इंदूबाई बाकावर भेटली. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, आपल्या आवाजाचा भाग जरा सविस्तर. ती म्हणाली, "हं." तेवढंच. जीप निघून गेली होती आणि अंकुश आत स्टुलावर होता.

मुदत सरली तेव्हा पंच टोल्यावरच्या विहिरीशी जमले. टोल्याची जळालेली मोटर अंकुशने दोन दिवस बसून भरली होती. नितीन आला होता, दामिनी आली होती. अंकुशने बटण दाबलं. मोटर गुणगुणली आणि पाणी आलं नाही. नळीत हवा आहे, असं नितीन म्हणाला. काठीवाल्या म्हाताऱ्याने अवजारांच्या संचाबद्दल दुसऱ्याच्या कानात काही विचारलं. अरविंदरावांच्या मनात त्या वेळात पोलीस, कोर्ट, जयश्रीबाई असं सगळं येऊन गेलं. मग नळी एकदा खोकली आणि पाणी आलं. पोरं त्यात शिरली. इंदूबाईने अंकुशचा हात नाकाजवळ नेला आणि सोडला.

पुढच्या वर्षी टोल्यावरून आणखी मुलं आली. डिंपल धुर्वे नावाची मुलगी आली आणि ती दामिनीच्या हाताखालीच तार भरायला बसली. प्रत्येक घराने तेच मागितलं: मुदत, चार माणसं आणि जामीन. मंडळातल्या सगळ्या सभासदांना आळीपाळीने जामीन व्हावं लागलं. सभेत आता कोणी मान उशिरा खाली घालत नसे. मंडळाने या योजनेची छापलेली पत्रकं टपरीवर भजी बांधायला गेली.

मग सत्कार झाला, अरविंदरावांचा. शाल मिळाली. त्यांनी इंदूबाईबद्दल चार वाक्यं पाठ करून नेली होती. माईकसमोर 'धन्यवाद' म्हणून ते खाली बसले. सचिवांनी इंदूबाईलाही बोलायला उठवलं. तिनं माईक हातात धरून आधी तो दोन्ही बाजूंनी बघितला. "हे सर आमाले पोरगी देतो म्हनले," ती म्हणाली, "म्हून आमी आलो. नाई तं कोन आलं असतं?" सभागृह हसून हसून लोळलं. अरविंदरावांना वाटलं, आपल्या सगळ्या कामाचा एवढा नेमका अहवाल कोणी लिहू शकला नसता. ती मात्र हसली नाही. चेष्टा केली की खरंच सांगितलं, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही. तेही राहूनच गेलं.

अंकुशने सावरगावच्या रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं. कुलदीप एकदा येऊन बघून गेला. इंदूबाईची तब्येत त्यानंतरच्या हिवाळ्यात उतरली असं म्हणतात, पण अरविंदरावांना ते दिसलं नाही. ती शेवटची भेटली पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर. हातात भाजीची पिशवी होती. ती बसमध्ये चढून खिडकीशी बसली आणि अरविंदराव खाली उभे राहिले. ड्रायव्हर चहा घेत होता.

"सर, तुमच्या घरी मोटर हाय ना?" तिनं विचारलं.

"आहे. नळाचं पाणी वर चढवायची छोटी आहे."

"बिघडली तं सांगजा. पोट्टं येऊन जाईन."

"अजून तरी बिघडली नाही," अरविंदराव ओशाळून म्हणाले.

"बिघडन, बिघडन," इंदूबाई म्हणाली. "घाई काय हाय."